मडगार्डवरचे दोन ठोके

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी शाळामास्तरीण, भुताखेतांची टिंगल करणारी. पण हे माझ्यासमोर घडलं... नाशिकरोडला, १९८१च्या डिसेंबरात, दिवेलागणीला.

माझे वडील, भिमाजी आप्पा, गॅरेज चालवायचे. तरुणपणी कारखान्यात त्यांचे कान गेले होते, बोलणं ते ओठांवरून ओळखायचे. तरी लॅम रोडवरचे एक पारशी गृहस्थ आपली जुनी एमजी त्यांच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. विलायती गाडी, दोन सीटची, इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणाऱ्या दोन कार्बोरेटरची. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन अडखळतं. ते कळायला रबरी नळी कानाला लावून दोघांचा सूं सूं आवाज ऐकायचा.

आप्पांना तो ऐकू यायचा नाही. ऐकायची माझी आई, लंकाबाई.

आप्पांच्या एका हातातला स्क्रूड्रायव्हर कार्बोरेटरच्या स्क्रूवर, दुसरा तळवा मडगार्डवर. आई बोटानं मडगार्ड ठोकायची. एक ठोका, अजून फिरवा. दोन ठोके, पुरे.

गल्लीत थट्टा व्हायची, आप्पांचे कान लंकाबाईकडं गहाण आहेत म्हणून.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आई काविळीनं गेली. आप्पा रडले नाहीत. गॅरेज मात्र उघडेनात.

मग डिसेंबरात एमजी आली. कार्बोरेटरच्या दांड्या झिजल्या होत्या, फटीतून हवा आत जात होती. आप्पांनी मुकाट्यानं नव्या दांड्या बसवल्या. मी म्हटलं, "नळी मी धरते."

"नको. ती हाय ना."

मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलं यांचं.

इंजिन सुरू झालं. नळीचं एक टोक कार्बोरेटरवर. दुसरं... हवेत, आईच्या कानाच्या उंचीला. धरणारं कुणी नाही.

रबर कडक झालं असेल, असं मी मनाला समजावलं.

आप्पांचा एक तळवा मडगार्डवर, दुसऱ्या हातानं स्क्रू थोडा फिरला. थांबला. पुन्हा फिरला... आणि इंजिन एकसुरात चालू लागलं.

आप्पा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

मग त्यांनी स्क्रू मुद्दाम बिघडवला.

"आप्पा, जमलं होतं ना?"

"जमलं की ती जाती," ते म्हणाले.

पुन्हा जमवलं, पुन्हा बिघडवलं. किती वेळा, कुणास ठाऊक. माझी भीती संपली, नुसतं भरून आलं. हा माणूस तिला जाऊच देत नव्हता. शेवटी मीच चावी फिरवून इंजिन बंद केलं.

सगळं शांत...

आप्पांचा तळवा मडगार्डवरच होता. त्यांना बाजूला घ्यायला मी वाकले आणि आधारासाठी त्यांच्या हाताशेजारी हात टेकला.

एक... दोन.

पत्र्यातून सरळ माझ्या तळव्यात. इंजिन बंद होतं. स्क्रू बिघडलेलाच होता.

नळीचं टोक हळूच खाली आलं.

आप्पा तिथंच फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी नळी मी कानाला लावली, आणि गाडी मालकाकडं परत गेली.

पुढं मरेपर्यंत ते मला एकच विचारायचे, "पोरी, ती दमली व्हती, का रागावली माझ्यावर?"

दमली होती आप्पा, मी म्हणायचे.

खरं काय ते मला अजूनही माहीत नाही.