उतारावर ‘येतो’ म्हणू नये

लाईट यायला अजून वेळ आहे. तोवर ते मोबाईल खिशात घाला आणि नीट बसा. विक्की, दाराकडे पाठ करू नकोस, नंतर मला दोष देशील. हसा, हसा. दिवसा मीही हसतो.

ही गोष्ट ज्योतीरामची. तुमच्या शेजारच्याच खोलीत राहायचा, माझा भाडेकरू. लातूरकडचा गडी, बायको योगिनी आणि नुकतं बोलायला शिकलेली एक पोरगी. टँकरवर ड्रायव्हर होता. स्वभावानं इतका मऊ की वाटेतल्या कुत्र्यालासुद्धा ‘सरक भाऊ’ म्हणायचा. त्या मऊपणानंच तो गोत्यात आला.

काम साधं होतं. चाकणच्या एका कंपनीतून केमिकलचं घाण पाणी भरायचं आणि जिथं ते साफ करतात तिथं लांब नेऊन रिकामं करायचं. पण टँकरचा मालक गणराज, चिंचवडचा. मनगट माझ्या पोटरीएवढं आणि जीभ त्याहून जड. एवढ्या लांब कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं.

“डिझेल काय तुझ्या बापाचंय?” तो म्हणाला. “निघोज्याच्या उतारावर सोड आणि घरी जाऊन झोप. नदी काय बोंबलत येणारेय का?”

नदीच ती. बोंबलत नाही.

दोन-अडीच वर्षं झाली असतील, पण रात्र पक्की ध्यानात आहे. कार्तिक वद्य नवमी, गुरुवार. दोन दिवसांवर आळंदीची एकादशी. खाली आळंदीच्या घाटावर माणसं इंद्रायणीत बुड्या मारत होती, तेच पाणी तीर्थ म्हणून बाटलीत भरत होती, आणि इथं वर हा टँकर मागं मागं घेत नदीत तोंड घालत होता. मला आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. पूल नव्हता तेव्हा देहूकडून आलेली माणसं इथूनच पलीकडे जायची. पावसाळ्यात पाणी चढलं की माझा आजा वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधायचा आणि तिच्यावर बसवून एकेकाला पार करायचा. तेव्हा तळाचे गोटे वरून मोजून घ्यावेत असं पाणी होतं. खडशी मासे पोटऱ्यांना ढुशा द्यायचे. आता जलपर्णी आहे आणि फेस आहे. पण उताराखालचा डोह आहे तसाच आहे, आणि डोहात आसरा आहेत. सात बहिणी. पाण्याच्या मालकिणी. गावातल्या बाया अजून त्यांना हिरव्या बांगड्या वाहतात. त्या कुठं गेलेल्या नाहीत. जातील कुठं?

तर ज्योतीरामनं टँकर लावला, मागचा व्हॉल्व्ह उघडला. भसाभस पाणी सुटलं. वाफ आली, नाकाला झोंबणारा वास आला. त्यानं रुमाल तोंडाला बांधला आणि पाहतो तर खाली खडकावर एक बाई बसलेली. पाय पाण्यात. केस ओले, मोकळे.

“मावशे, बाजूला व्हा,” तो म्हणाला. “पाय भाजतील.”

“भाजल्यात कवाचं,” ती म्हणाली. “लई गरम हाय रं बाळा. जरा थांबवतूस का?”

“मी काय करू मावशे? मालकाचा हुकूम हाय.”

“पोरं गेली माझी. समदी.”

त्याला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याला वाईटही वाटलं. पण व्हॉल्व्ह त्यानं बंद केला नाही. टँकर रिकामा होईपर्यंत ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मग यानं पाइप गुंडाळला, आणि वळताना, आईनं लावलेली सवय, हात जोडून म्हणाला, “बरं मावशे, येतो.”

तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

“ये,” म्हणाली. “वाट बघते.”

सकाळी चहा पिताना त्यानं मला हे सांगितलं, आणि माझ्या हातातली बशी कलंडली. अरे, आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, ते घरादाराला ठीक. उतारावर नाही! सांगडीवरून उतरलेला माणूस पाण्याकडे तोंड करून म्हणायचा, “सुटलो गं आई.” चुकून ‘येतो’ म्हणाला तर माझा आजा त्याला परत सांगडीवर घ्यायचा नाही, मग पलीकडे त्याचं स्वतःचं लग्न का लागत असेना. दिलेला शब्द तिथं कुणी विसरत नाही.

“मग आता?” ज्योतीरामनं विचारलं.

“आता नदीचं तोंड बघू नकोस. गावाकडे जा महिनाभर.”

हे मी सांगितलं खरं. पण दिवस मावळताना योगिनी धावत माझ्या दारात आली. चेहरा पांढराफटक. पोरगी बादलीपाशी बसली होती. बादलीत वाकून बघत होती. आणि बोलत होती.

“कुणाशी बोलतीस गं?” योगिनीनं विचारलं होतं.

“आजी,” पोरगी म्हणाली. “आजी ये म्हणते. बाबा नाही तर मी.”

ज्योतीरामनं ती बादली उचलून अंगणात ओतली. मग पोरीला उचलून छातीशी धरलं ते सोडेचना. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, “आप्पा, मीच जातो. ‘सुटलो’ म्हणून येतो. नाहीतर ती इथं येईल.”

मी त्याला अडवलं नाही. एवढंच सांगितलं की सुटायचं असेल तर तिच्यावर काही टाकून सुटता येत नाही. हात कोरे पाहिजेत.

आणि नेमका तेव्हाच गणराज दारात. दुसरा टँकर भरून उभा होता आणि ड्रायव्हर मिळत नव्हता.

“मी नाही सोडणार उतारावर,” ज्योतीराम म्हणाला.

“काल कुणी सोडलं? गाडी कोण चालवत होतं? पोलिसात नाव कुणाचं जाईल, माझं का तुझं?” गणराज हसला. मग बादलीची हकिकत ऐकून आणखी हसला. “चल भावा, मी बसतो बरोबर. बघू तरी तुझी मावशी.”

ज्योतीराम निघाला. भीतीनं नव्हे, पोरीसाठी. तिथं जायचंच होतं त्याला.

दशमीची रात्र. चंद्र उगवायला अवकाश. एमआयडीसीचे दिवे मागं राहिले आणि नदीचा वास आला. उतारावर गाडी थांबली. ज्योतीरामनं किल्ली काढली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

“उतर.”

“व्हॉल्व्हला हात लावणार नाही मी. काय करायचं ते करा.”

गणराजनं त्याला आईवरून शिवी दिली आणि स्वतः उतरला. मागं जाऊन व्हॉल्व्ह फिरवला. भसाभस आवाज सुरू झाला. वाफ पुढं आली. काचेवर चढली.

काचेवर आतून नाही, बाहेरून, कुणीतरी हात ठेवला.

“आलास.”

ज्योतीरामला पोरगी दिसत होती, बादलीत वाकलेली. त्यानं डोळे मिटले.

“आलो आई. शब्द दिला होता… तुझे गुन्हेगार आहोत आम्ही. मी आहे. पण पुन्हा हात लावणार नाही. सुटलो गं आई… सुटलो.”

काही नाही.

मग दार उघडल्याचा आवाज. गार हवा. त्याचे दोन्ही हात कुणीतरी उचलले. उलटे केले. तळवे पाहिले. पाण्यासारखी गार बोटं… तळव्यांवरून फिरली.

“सूट,” ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले तेव्हा दार बंद होतं. मागून गणराजचा आवाज आला. चढा. मस्तीत.

“काय रे, कुठंय तुझी मावशी? मला तर कुणी दिसत नाही!” आणि तोंडाशी हात धरून त्यानं अंधारात आरोळी ठोकली. “ओ मावशेऽऽ! उद्या पण येतो बरं काऽऽ!”

पलीकडच्या काठावरून उत्तर आलं.

“ये.”

मग डोहातून. “ये.”

जलपर्णीतून. फेसातून. टँकरच्या खालून. “ये… ये… ये…”

किती आवाज होते, ज्योतीरामनं मोजले नाहीत. एक ऐकलं त्यानं. गणराज म्हणाला, “कोण?” आणि मग… हळू आवाजात, लहान पोरासारखं, “नको.”

भसाभस आवाज थांबला.

काहीच ऐकू येईना. पाणीसुद्धा.

ज्योतीराम उतरला तो मागं न बघता पळाला. अनवाणी. माझं दार वाजवलं तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. माझ्याच घरात योगिनीच्या मांडीवर पोरगी गाढ झोपली होती, आणि तो पोरीच्या पायांशी बसून लेकरासारखा रडला.

उजाडल्यावर आम्ही गावातले चारजण गेलो, मागून पोलीस आले. टँकर जागेवर. गणराज नाही. व्हॉल्व्ह घट्ट बंद, आणि वरच्या झाकणाला कंपनीनं मारलेलं सील जसंच्या तसं. फौजदारानं टँकरवर काठी मारली. भरल्या भांड्याचा आवाज आला.

सील तोडलं. झाकण उघडलं. आत काठोकाठ पाणी होतं. केमिकल नाही. नितळ, गार, तळ दिसेल असं पाणी. आणि तळाशी गणराज. डोळे उघडे.

त्याला वर काढला तेव्हा, तोवर जमलेल्या गावातल्या बाया मागं सरल्या. शेवटी चाकणहून कासाराला बोलावलं. म्हातारा माणूस, सगळा जन्म बांगड्या भरण्यात गेलेला. त्यानं गणराजचा हात धरला, निरखला आणि हळूच खाली ठेवला.

गणराजच्या त्या जाडजूड मनगटांत, कोपरापर्यंत, हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. दहा वर्षांच्या मुलीच्या मापाच्या.

“ह्या ह्या हातात भरता येत नाहीत,” कासार म्हणाला. “कुणालाच न्हाई येणार.”

एकही पिचकलेली नव्हती.