फळ्यावरची तिसरी ओळ

"तिसरी ओळ चुकीच्या बाजूला आहे."

ठिणगी स्टुलावर चढून फळ्याचा वरचा कोपरा पुसत होती. मागून आवाज आला तरी तिने वळून पाहिलं नाही. असले शहाणे दिवसाला चार तरी यायचे.

"पुरावा?" तिने विचारलं.

मागे बूट पायरीवर घासल्याचा आवाज झाला. मग मात्र ती वळली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक उंच, काटकुळा मुलगा उभा होता. केसांतून पाणी ओघळतंय, चष्म्याच्या काचांवर वाफ, आणि चेहरा असा... जसा काही आत्ताच कुणाच्या तरी पायावर पाय पडलाय.

"नाही... म्हणजे... असंच म्हटलं," तो म्हणाला. "पाऊस होता म्हणून खाली आलो."

"पाऊस आठ दिवस पडतोय. तुम्हाला आजच लागला?"

तो हसला. नको तेव्हा हसला, आणि वर गालाला खळी पडली. ठिणगीला राग आला. खळीचा की हसण्याचा, ते तिलाही कळलं नाही.

दुकान होतं तळघरात. दहा कॉम्प्युटर, दहा फाटक्या खुर्च्या, भिंतीला ओल आणि गल्ल्यावर तिचा मामा. पोरं यायची, तास-दोन तास गेम खेळायची, पण त्याआधी फळ्यासमोर उभी राहायची. फळ्याचे दोन भाग होते. डावीकडे 'पक्कं', उजवीकडे 'पुड्या'. ज्या नव्या गेमची अख्खं गाव वाट बघत होतं, त्यातले पोलीस कसे वागणार, याबद्दल रोज कोणी ना कोणी पुडी सोडायचं. पोलिसांना लाच देता येते म्हणे. केस कापले की पोलीस ओळखत नाहीत म्हणे. ठिणगी सगळं उजवीकडे लिहायची. कंपनीने स्वतः दाखवलं, स्वतः सांगितलं, तरच ओळ डावीकडे जायची. रस्त्यावरच्या कुणी पाहून फोन केला तरच पोलीस येतात — पक्कं. गाडीचा नंबर त्यांच्या लक्षात राहतो — पक्कं. आणि उजवीकडची तिसरी ओळ अशी होती: 'हात वर केले तर पोलीस गोळी झाडत नाहीत, बेड्या घालतात.'

शाळेत ठिणगीचं एकही उत्तर कधी बरोबर आलं नव्हतं. शेवटी नववीत तिने वही बाकावर ठेवली ती तिथेच राहिली. फळ्यावरचं मात्र तिचं एकही वाक्य आजवर चुकलं नव्हतं. दोन वर्षं. पोरं पैजा लावायची आणि शेवटी म्हणायची, चल, ठिणगीचा फळा बघू. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात 'बरोबर' हा शब्द तिने फक्त या तळघरात ऐकला होता.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही. नऊ नंबरच्या मशीनवर बसायचा. ते सगळ्यात हळू चालायचं, पण तिथून फळा दिसायचा. आणि फळ्याजवळ जे कोणी असेल ते.

"आज कोणती ओळ चुकली?" ती विचारायची.

"आज सगळ्या बरोबर आहेत. खडू तेवढा चुकलाय."

"म्हणजे?"

"गालावर आहे."

तिने गाल पुसला. भलताच.

"दुसरा," तो म्हणाला, आणि हात अर्धा पुढे आला... मग खिशात गेला. ठिणगीने खडू तसाच ठेवला. संध्याकाळपर्यंत.

तिने त्याचं नाव ठेवलं मौनी. कारण गडी बोलायचा भरपूर, पण ठरावीक ठिकाणी तोंडाला कुलूप. हे तिच्या आठवड्याभरात लक्षात आलं. तिची नजरच तशी होती, मामा म्हणायचा, हिला मुंगीचा लंगडा पाय पण दिसतो. ती मुद्दाम पुड्या वाचून दाखवायची.

"पोलिसांना म्हणे भूक लागते. पाठलाग सोडून खायला जातात."

मौनी खो-खो हसायचा. "मग चोराने डबाच घेऊन पळावं!"

"आणि म्हणे दरवाजे बंद करून लपलं, तर ते बाहेर थांबतात आणि भोंग्यावरून हाक मारतात..."

मौनी खाली वाकला. बुटाची लेस बांधायला.

ठिणगीने खाली पाहिलं. त्याच्या बुटांना लेसच नव्हती.

त्या दिवशी दुकान रिकामं होतं. ती नऊ नंबरजवळ गेली, शेजारची खुर्ची ओढून बसली आणि हळूच म्हणाली, "नदीपलीकडे त्या काचेच्या इमारतीत गेम तपासायला पोरं बसवलीत. तू त्यातला आहेस."

त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. असा उतरला की तिला आपलंच बोलणं परत गिळावंसं वाटलं.

"मी काहीच बोललो नाहीये," तो म्हणाला.

"तेच तर. जे खरं असतं तिथे तू बोलत नाहीस. पहिल्या दिवशी तेवढा तिसऱ्या ओळीवर घसरलास."

मग त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "मी कागदावर सही केलीय. एक शब्द बाहेर गेला तर मी घरी. माझ्या बाबांनी... हसू नकोस... बाबांनी अख्ख्या गल्लीत सांगितलंय, पोराला ऑफिस आहे. तीनदा नापास झालेल्या पोराला. रोज सकाळी ते माझे बूट पुसून ठेवतात."

ठिणगी हसली नाही. तिला आपली नववी आठवली.

"माझ्या तोंडून जाणार नाही," ती म्हणाली. "आणि तिसरी ओळ उजवीकडेच राहील. मला कुठे कुणी पुरावा दिलाय?"

त्याने हात पुढे केला आणि या वेळी तो खिशात गेला नाही. तिच्या गालावर आजही खडू होता, तो त्याने अंगठ्याने पुसला. सावकाश. खडू अगदी एवढासा होता, पुसायला मात्र फार वेळ लागला...

पुढचे बारा दिवस असे गेले की पावसाचंसुद्धा काही वाटेना.

तेराव्या दिवशी माईक आला. याचं खरं नाव सगळे विसरले होते. गळ्यात कायम माईक, मागे फोन धरणारा दोस्त. तो गेमच्या बातम्या सांगायचा आणि हजारो पोरं ऐकायची. त्याचं आणि ठिणगीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. त्याच्या दहातल्या आठ बातम्या ठिणगीच्या उजव्या बाजूला जाऊन पडायच्या.

"मित्रांनो, हा तो प्रसिद्ध फळा!" तो फोनकडे बघत म्हणाला. "इथे बातमी पोचते तेव्हा ती शिळी झालेली असते. कारण ताईंना आतलं काही कळतच नाही."

"आतलं तुला कळतं होय? मागच्या महिन्यात घोड्यावरचे पोलीस तूच आणलेस ना? कुठायत घोडे? पाणी प्यायला गेले?"

पोरं हसली. माईकचे कान तापले.

"निदान मी वाचून सांगतो," तो म्हणाला. "नववीत पळालेल्या पोरीने पुरावे मागायचे, म्हणजे कमालच झाली. सही तरी करता येते का गं?"

आता पोरं त्याच्या बाजूने हसली. सगळी. तिची रोजची, ओळखीची पोरं.

पुढचं ठिणगीला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की हातात डस्टर होता. तिने उजवीकडची तिसरी ओळ पुसली आणि तीच ओळ डावीकडे लिहिली. मोठ्या अक्षरांत, खडू मोडेपर्यंत दाबून. "घे! आतलं पाहिजे ना? हे घे. कंपनी सांगेल तेव्हा माझी आठवण काढ."

माईकने फोटो काढला. ठिणगी वळली. नऊ नंबरवर मौनी बसला होता. कधी आला होता देव जाणे. तो तिच्याकडे बघत नव्हता. कीबोर्डकडे बघत होता, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवलेले.

तो उठून गेला. छत्री विसरून.

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर एका तासात विरून गेलं असतं. पण ठिणगीच्या फळ्यावर आहे म्हणजे खरंच असणार, असं म्हणत तो फोटो फिरला. तिथेच घोळ झाला. दोन वर्षं ती कधी खोटं बोलली नव्हती, म्हणून लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी फोटो काचेच्या इमारतीतही पोचला.

मौनी चौथ्या दिवशी आला. जिन्यातच थांबला.

"आमच्या खोलीत बारा जण आहेत," तो म्हणाला. "फोन जमा केलेत. एकेकाला बोलावून विचारतायत, त्या दुकानात कोण जातं. उद्या माझा नंबर."

"तू चिड ना माझ्यावर!" ठिणगी ओरडली. "शिव्या घाल, काहीतरी कर!"

"चिडता आलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. आवाज थकलेला होता. "बाबांनी आजही बूट पुसले होते."

तो गेल्यावर ती पायरीवर बसून राहिली. पहिल्या दिवसाच्या त्या एका वाक्यापलीकडे तो काही बोलला नव्हता, हे तिने कितीही सांगितलं तरी कोण ऐकणार? ओळ खरी होती. खऱ्या ओळीला कुठून तरी यावंच लागतं. म्हणजे ओळ खोटी ठरली तरच कुणी पुढे विचारणार नाही. आणि ती खोटी ठरवू शकणारं माणूस जगात एकच होतं, ती स्वतः.

भर दुपारी ती माईकच्या घरी गेली. तो बनियनवर होता. तिला दारात बघून दचकला.

"मारायला आलीस?"

"तुझं ते चालू कर. मला बोलायचंय."

त्याने शर्ट चढवला, दिवा लावला. ठिणगी त्या दिव्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तिसरी ओळ मी मनानेच लिहिली. मला कुणी काही सांगितलेलं नाही. याला खाली बघायला लावायचं होतं, म्हणून थाप मारली."

माईकचा आनंद गगनात मावेना. "म्हणजे फळा खोटा?"

तिने दिव्यावरून नजर काढून जमिनीकडे नेली.

"बोला ताई. खोटा ना?"

"...हो."

"आणि आधीचं सगळं?"

तिला वाटलं, याचा माईक याच्याच घशात कोंबावा. दोन वर्षांची एकेक ओळ डोळ्यांसमोरून गेली. "काय माहीत," ती म्हणाली. "असेल तेही तसंच."

संध्याकाळपर्यंत दुकानाच्या दारावर कुणीतरी कोळशाने लिहून गेलं होतं. थापाडी. आठवड्यात दहातल्या सात खुर्च्या रिकाम्या झाल्या. मामा गल्ल्यावर बसून उगीच नाणी इकडची तिकडे करायचा. एकदा तो म्हणाला, "खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. लहानपणापासून. त्या व्हिडिओत पण झालेत."

"मग?"

"मग काही नाही. कुणासाठी बोललीस तेवढं सांग."

"नाही सांगत."

"बरा आहे का पण?"

"मामा!"

मामाने पुढे विचारलं नाही. फळा तेवढा भिंतीवरून काढून आतल्या खोलीत नेऊन ठेवला. तिला रोज दिसू नये म्हणून.

मौनी आला तेव्हा हातात बॅग होती. कंपनीने ती थाप होती असं मान्य केलं होतं. पण धोका नको म्हणून बाराही जणांना दुसऱ्या शहरात हलवत होते. गेम बाजारात येईपर्यंत तिथेच राहायचं, फोन नाही, पत्र नाही. सात महिने.

"मी सांगतो सगळ्यांना," तो दारातच म्हणाला. कोळशाची अक्षरं त्याने वाचली होती. "मी वरच्या चौकात उभा राहून सांगतो की तू खरं..."

"आणि बाबांना काय सांगशील?"

त्याने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"चल," ती म्हणाली. "बस चुकेल."

दोघं बसस्टॉपवर गेले. बस आली, तो चढला, आणि काय झालं कुणास ठाऊक, ठिणगीही चढली. "पुढच्या स्टॉपपर्यंत येते," ती म्हणाली. पुढचा स्टॉप आला. दोघांनी खिडकीबाहेर असं बघितलं, जसं काही त्यांना वाचताच येत नाही. तो स्टॉप गेला. मग त्याच्या पुढचा.

"मी चुकले," ती अचानक म्हणाली. हे दोन शब्द तिने कधी कुणाला म्हटले नव्हते, मास्तरांनाही नाही. "माझ्या शब्दावर तू तिथे बसला होतास. आणि पोरं हसली म्हणून मी..."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"हसल्यावर कसं होतं ते." त्याने तिचा हात घेतला. त्याचा तळवा गार होता, ओला. "सही करताना वाटलं होतं, गप्प बसणं म्हणजे काय मोठंसं काम. पण एखादी मुलगी इतकी... इतकी आवडायला लागली की गप्प बसणं फार जड जातं गं. पोलीस गेले खड्ड्यात. तू आवडतेस हेच मला रोज सांगायचं असायचं, आणि रोज मी न सांगताच घरी जायचो."

ठिणगीने काहीतरी झणझणीत बोलायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच — "सात महिने म्हणजे किती दिवस होतात?"

"दोनशे दहा."

"जास्तच आहेत."

"हो. जास्तच आहेत."

तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. शर्टाला पावसाचा आणि साबणाचा वास येत होता. पाचव्या स्टॉपनंतर गाव संपलं. तिथे तिला उतरावंच लागलं. बस निघाली तेव्हा तो मागच्या काचेपर्यंत धावत आला. काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते... पण काचेवरून पाणी वाहत होतं आणि तिला एक अक्षर कळलं नाही.

ती परत चालत निघाली. चौकात छपराखाली तीन पोरं उभी होती. त्यातल्या एकाने तिला ओळखलं.

"ए थापाडी! आज काय पक्कं?"

ठिणगी थांबली. पोरं दोन पावलं मागे सरकली, तिचा हात सगळ्यांना माहीत होता. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. सांगण्यासारखं तिच्याकडे इतकं होतं, की त्यांची झोप उडाली असती.

मग तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि तोंड मिटून घराकडे वळली.