सुगरणीचा पत्ता

"आत्या, असशील तशी निघून ये. फोनवर नाही सांगता येणार."

भाचीनं एवढं बोलून फोन ठेवला. आत्याबाईंनी गॅस बंद केला आणि चपला पायांत सरकवल्या. त्या पोलीस खात्यातून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नव्हता. वाटेत रिक्षात बसल्याबसल्याच त्यांनी ठरवून टाकलं, आज जो कुणी जास्त गोड बोलेल त्याच्याकडे आधी बघायचं.

भाची एका संस्थेची संचालिका होती. मारझोड सोसून घर सोडलेल्या बायकांना ही संस्था आसरा द्यायची. रंगाच्या दुकानावरचा मजला म्हणजे तिचं कार्यालय. जिन्यात टर्पेंटाइनचा वास कायम भरलेला.

आतल्या खोलीत चाळिशीची एक बाई बसली होती. मनगटाला पट्टी बांधलेली. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"ही आमची सुगरण," भाची म्हणाली.

"स्वयंपाकात माझा हात यथातथाच आहे," ती बाई कसनुसं हसली. "इथे सगळ्या देणगीदारांना पक्ष्यांची नावं देतात. माझ्या वाट्याला सुगरण आली."

मग तिनं सांगितलं. तिच्या सख्ख्या भावानं त्याच्या बायकोला जिन्यावरून ढकलून दिलं होतं. वहिनी गेली. घरच्यांनी 'पाय घसरला' म्हणून हात झटकले. पण सुगरणीनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि कोर्टात उभं राहून तिनं ते सांगितलं. शिक्षा ऐकताना भाऊ तिच्याकडे वळून म्हणाला होता, "बाहेर आलो की आधी तुलाच भेटेन."

तिनं गाव सोडलं. नोकरी बदलली. माहेर तर तुटलंच. वहिनीच्या पुण्यतिथीला मात्र ती न चुकता या संस्थेला देणगी पाठवायची.

"भाऊ सुटलाय हे कळलं होतं मला. पण माझं घर त्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. काल दुपारी बेल वाजली. बाहेरून आवाज आला, 'संस्थेकडून आलोय, पत्रात काही द्यायचं राहिलं होतं.' मी दार किलकिलं केलं. साखळी लावलेली होती म्हणून आज बसलेय तुमच्यासमोर. त्यानं फटीतून हात घालून माझं मनगट पिरगळलं. शेजारणीनं आरडाओरडा केला तेव्हा पळाला."

"पोलिसांत दिलंत?"

"दिलंय. ते त्याला शोधतायत." तिनं भाचीकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, आणि तेच भाचीला जास्त लागलं. "माझा पत्ता माझ्या बँकेला माहीत आहे, ऑफिसला माहीत आहे. पण मी या संस्थेला देणगी देते, हे तुमच्याशिवाय कुण्णाला माहीत नाही. आणि तो संस्थेचं नाव घेऊन आला."

सुगरणीला मुक्कामाला आश्रयगृहात पाठवून दिलं. दार बंद झालं तसा आत्याबाईंचा सूर बदलला.

"आता नीट सांग. तिची माहिती कुणाकुणाच्या हातात असते?"

"एका माणसाच्या हातात सगळी कधीच नसते, आत्या. नावं आणि फोन नंबर माझ्याकडे. पत्ते कुलूपरावांकडे. त्यांना माणसाचं नाव माहीत नसतं, मला पत्ता माहीत नसतो. दोघांच्या मध्ये फक्त पक्षी. दोन्ही जोडून बघायचं तर आम्हा दोघांना एकाच वेळी संगणकावर बसावं लागतं, आणि त्याची नोंद राहते. नोंद मी सकाळीच तपासली. कुणीही उघडलेलं नाही."

"तू घरी काही बोललीस? नवऱ्यापाशी? सासूबाईंपाशी?"

भाचीचा चेहरा उतरला. "तू मला आरोपीसारखं विचारतेयस."

"आत्या म्हणून विचारलं तर तू रडशील आणि मी विरघळेन. बोल."

"नाही बोलले. आईशप्पथ."

आत्याबाईंनी मान हलवली. भाची खरं बोलत असावी. पण 'असावी' हा शब्द त्यांच्या लेखी कच्चाच होता.

कुलूपराव शेजारच्या खोलीत होते. संस्थेत हे टोपणनाव त्यांना उगीच पडलेलं नव्हतं. ते पाणी प्यायला उठले तरी टेबलाचा खण बंद करायचे, आणि बंद केला की ओढून बघायचे. माणूस चिरडीला आलेला होता.

"पत्ते माझ्याकडे, म्हणजे चोर मीच, असंच ना? विचारा."

"काल दुपारी कुठे होतात?"

"इथेच."

"भाची म्हणते तुम्ही जेवणानंतर दिसला नाहीत."

कुलूपरावांनी टेबलाचा खण ओढून बघितला. "डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो," ते शेवटी पुटपुटले. "मोतीबिंदू आहे. इथे कळलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला दिसत नाही, घरी बसवा."

खरं असेल. खोटंही असेल. दवाखान्यात विचारता येईल, असं मनाशी म्हणून आत्याबाईंनी पुढचा प्रश्न टाकला.

"देणगीदारांना पत्र जातं म्हणे. ते कसं?"

"आभाराचं पत्र मास्तर लिहितात. सेवाभावानं येतात ते. अक्षर म्हणजे मोती! त्यांना फक्त पक्षी सांगायचा, आणि देणगी कुणाच्या स्मरणार्थ असेल तर तेवढं. नाव नाही, गाव नाही. पत्र ते आतल्या पाकिटात बंद करून, वर पक्षी लिहून मला देतात. मी त्यावर दुसरं पाकीट चढवतो, पत्ता चिकटवतो. पत्र मी वाचत नाही, पत्ता ते बघत नाहीत."

"मग टपालात कोण टाकतं?"

"मास्तरच. पोस्ट त्यांच्या वाटेवर आहे. पण गठ्ठा असतो हो! सगळी पाकिटं एकसारखी, वर नाव नाही, नुसतं 'माननीय हितचिंतक' आणि पत्ता. त्यातला कोणता पत्ता कुठल्या पक्ष्याचा, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

म्हणजे मार्ग इथेही बंद. आत्याबाईंना हा बंदोबस्त आवडला, आणि म्हणूनच त्या अस्वस्थ झाल्या. इतक्या कुलपांमधून माहिती बाहेर काढणारा माणूस घरचाच असणार.

मास्तर खिडकीपाशी पत्रं लिहीत बसले होते. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, खणखणीत पण मवाळ आवाज. हायस्कुलात आयुष्यभर शिकवलेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटेच राहायचे.

"फार वाईट झालं, बाई. त्या माउलीला काही झालं नाही हे देवाचे उपकार."

"तुम्हाला काय वाटतं मास्तर, कुणाचं काम असेल?"

"मी कुणावर बोट ठेवणार?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "कुलूपराव सज्जन आहेत. आता दुपारचे कुठे जातात, ते मी विचारत नाही. यंत्रांचंही काही सांगता येत नाही हल्ली."

सज्जन म्हणायचं आणि वर चिमटाही काढायचा. आत्याबाईंनी ते मनात टिपलं. पण गोड बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतात, तेवढ्यावर कुणाला धरता येत नाही.

संध्याकाळी निघताना त्यांनी मास्तरांना आपल्या रिक्षात घेतलं. मास्तर नको नको म्हणत होते, तरी घेतलंच. घर बैठं होतं, पुढे लोखंडी फाटक. मास्तर उतरले, दारापाशी गेले आणि त्यांनी बेल दाबली. मग रिक्षा अजून उभी आहे हे ध्यानात आल्यावर गडबडीनं खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली, आणि मागे न बघता आत शिरले.

रिक्षावाला म्हणाला, "चला का, मावशी?"

"चल," आत्याबाई म्हणाल्या. पण वळण येईपर्यंत त्यांची नजर त्या फाटकावरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आश्रयगृहात गेल्या. सुगरण तिथल्या एका लहान मुलीची वेणी घालत होती.

"यंदाचं पत्र आठवतं तुम्हाला? मागच्या पत्रांपेक्षा काही वेगळं?"

"शब्द नेहमीसारखेच सुंदर. हां, यंदा आत एक पुस्तकात घालायची खूण होती. जाड पुठ्ठ्याची, वर पिंपळपान रंगवलेलं. मला वाटलं, सगळ्यांनाच पाठवली असेल."

आत्याबाई तडक कार्यालयात आल्या. "तीनचार देणगीदारांना फोन कर," त्यांनी भाचीला सांगितलं. "विचार, यंदाच्या पत्रात पुठ्ठ्याची खूण होती का."

भाचीनं फोन उचलला, मग ठेवला. "तू बाहेर जाऊन बस, आत्या. त्यांची नावं तुझ्या कानावर पडायला नकोत."

आत्याबाई निमूट बाहेर गेल्या. भाचीवरचा उरलासुरला संशय त्या जिन्यातच फिटला.

उत्तर एकच आलं. खूण कुणालाच मिळाली नव्हती.

त्यांनी आपल्या जुन्या खात्यात एक फोन केला. मग दुपारी सगळ्यांना संचालिकेच्या खोलीत बोलावलं. सुगरणही आली, नको म्हटलं तरी तिनं ऐकलंच नाही.

"आपण सगळे यंत्राच्या मागे लागलो होतो," आत्याबाईंनी सुरुवात केली. "पण दारात उभा राहिलेला माणूस काय म्हणाला? 'पत्रात काही द्यायचं राहिलं.' त्याला पत्राची माहिती होती. मग मी विचार केला, नाव आणि पत्ता जोडायला दोघं लागतात. पण या माणसाला नाव हवंच कशाला? स्वतःच्या बहिणीचं नाव त्याला माहीत आहे. कुणी अमुक तारखेला, वहिनीच्या स्मरणार्थ देणगी देतं, एवढं कानावर पडलं की त्याला पुरे. ही गोष्ट सांगणाऱ्याला स्वतःला सुगरण कोण हे माहीत असायची गरज नाही."

"स्मरणार्थ काय लिहायचं ते मास्तरांना सांगतात," कुलूपराव हळूच म्हणाले.

"पण पत्ता?" मास्तर शांतपणे म्हणाले. "पत्ता मला कसा कळणार, बाई? गठ्ठ्यातली पाकिटं एकसारखी असतात."

"डोळ्यांना एकसारखी असतात. बोटांना नाही. तुम्ही एकाच पत्रात जाड पुठ्ठा घातलात. कुलूपरावांनी त्यावर नियमाप्रमाणे दुसरं पाकीट चढवलं. पोस्टाच्या वाटेवर तुम्ही गठ्ठा चाचपलात, कडक लागलं ते पाकीट काढलंत, पत्ता वाचलात आणि परत ठेवलंत. पत्र वेळेवर पोचलं. काही फुटलं नाही, काही हरवलं नाही."

"एक जाड लागलं होतं खरं," कुलूपराव कपाळावर हात मारून म्हणाले. "पण उघडायचं नाही असा नियम!"

"पुठ्ठा कुणीही घालेल. सदिच्छा म्हणून घातला," मास्तर म्हणाले. आवाज अजून मवाळच होता.

"एकीलाच? बरं, दुसरं सांगा. घरात एकटे राहता, किल्ली खिशात, आणि काल स्वतःच्याच दाराची बेल कुणासाठी वाजवलीत?"

त्याच वेळी आत्याबाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या, आणि सुगरणीकडे वळल्या.

"सापडला. मास्तरांच्या मागच्या खोलीत होता. आता भिऊ नका."

सुगरणीनं डोळे मिटले. भाचीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मास्तर खाली बसले. एकदम म्हातारे दिसू लागले. "माझा विद्यार्थी तो. वर्गात पहिला यायचा. सुटल्यावर सरळ माझ्याकडे आला, पाय धरून रडला. मला कधी खरंच वाटलं नव्हतं की त्यानं तसं केलं असेल. बोलता बोलता मी सांगून गेलो, कुणीतरी दरवर्षी आपल्या वहिनीची आठवण ठेवून देणगी पाठवतं म्हणून. त्यानं तारीख विचारली. मग म्हणाला, ती माझी बहीणच, मला फक्त माफी मागायचीय, एकदा भेटवा. रक्ताचं नातं आहे, सांधलं जाईल, असं वाटलं मला."

"आणि तिचं मनगट पिरगळल्यावर?" आत्याबाईंनी विचारलं. "परवा तो घरी परतला, तेव्हा तुम्हाला सगळं कळलं. तरी काल तुम्ही त्याला छपराखाली ठेवलंत, आणि इथे बसून कुलूपरावांच्या दुपारा मोजल्यात. फसलात म्हणून कुणी समजून घेतलंही असतं. पण नंतरचं सगळं शुद्धीवर राहून केलंत."

मास्तरांनी मान खाली घातली.

सुगरण उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. ती आरडाओरडा करील असं सगळ्यांना वाटलं.

"वर्षभरात मला येणारं ते एकच पत्र असायचं," ती म्हणाली. "मी ते उशीखाली ठेवायचे. तुम्ही लिहायचात, 'तुमच्यामुळे कुणाच्या तरी घराचं दार आतून लावता येतं.' मास्तर, हे लिहिताना तुम्हाला खरंच तसं वाटायचं का हो?"

"वाटायचं," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "शब्द खोटे नव्हते, पोरी."

"मग तुम्हाला कळत होतं," ती म्हणाली. "दार म्हणजे काय ते कळत होतं, आणि तरी तुम्ही त्याला माझं दार दाखवलंत."

खालून पोलिसांच्या गाडीचा आवाज आला. आत्याबाईंनी मास्तरांना उठायला हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. ते भिंतीचा आधार घेत एकेक पायरी उतरत गेले.