फ्लॉसीच्या रक्ताची साक्ष

"सुनेनं माझ्या गळ्याच्या गोळ्या चोरल्या. तिचं रक्तच साक्ष देतंय, अजून काय पायजे?"

गिरीज गावच्या रोझलिनबाईंनी रक्ततपासणीचा कागद खाजगी गुप्तहेर नरहरी म्हात्रेंपुढे टाकला. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर त्यांनी सुनेला चोर म्हटलं होतं. आता तिला माहेरी धाडायचं होतं. पण मुलगा हिलरी पुरावा मागत होता. कागद समजावून सांगणारा डॉक्टर गावाला गेलेला.

"थायरॉइडची 'टी-फोर' पाच ते बारा पायजे, तिची पंधरा! बारीक व्हायला खाल्ल्यान् गोळ्या."

"लख्ख पुरावा," नरहरींच्या सोबतीचा बर्नार्ड म्हणाला. त्याचं डोकं म्हणजे नारळ. फोडल्याशिवाय पाणी नाही.

"आणि खालचा आकडा?" नरहरींनी विचारलं. "'टी-थ्री अपटेक'. पंचवीस ते पस्तीस हवा, एकवीसच आहे."

"कमी तर कमी!" रोझलिनबाई म्हणाल्या. "चोरी जास्तीची झालीय ना?"

रोझलिनबाईंच्या घरी सून फ्लॉसी अबोलीची वेणी करत होती. बोटं अगदी स्थिर.

"गोळ्या घेतल्यास?" नरहरींनी विचारलं.

"नाही." एवढंच.

चुलीवरच्या तव्यात सुके बोंबील पडले, तशी ती पदर नाकाला लावून मागीलदारी धावली.

"नखरे!" सासूबाई कडाडल्या.

रोझलिनबाईंच्या नणंदेने, एमिलीने, चहा आणला. कप बशीत खडखडत होता. डिसेंबरातही कपाळावर घाम, गळ्याभोवती घट्ट पदर.

"मी कशाला वहिनीच्या कपाटाला हात लावू?" न विचारताच ती म्हणाली.

नरहरींनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं.

"गोळ्या खाल्ल्या असत्या तर दोन्ही आकडे चढले असते. इथे एक वर, एक खाली. कागदावरची मर्यादा एरवीच्या माणसाची. पोटात मूल असलं की हे आकडे असेच उलट्या दिशांना जातात. वर बोंबलाचा वास! खरं ना, फ्लॉसीबाय?"

फ्लॉसीची मान खाली गेली. "आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून डॉक्टरने रक्त तपासायला लावलं. तिसरा महिना उलटेपर्यंत बोलायची भीती वाटली."

"मग गोळ्या?" बर्नार्ड.

"या गोळ्या जास्त झाल्या की हात कापतो, घाम फुटतो. इथे हात कुणाचा कापतो? थंडीत घाम कुणाला फुटतो?"

एमिलीने पदर सोडला. गळ्यावर लिंबाएवढी गाठ.

"वहिनी, गोळ्यांनी तुझ्या गळ्याची गाठ उतरली. वाटलं, माझीही उतरेल. हिचं नाव निघालं, तेव्हा लाजेनं तोंडच उघडलं नाही."

रोझलिनबाई उठल्या. बोंबलाचा तवा उचलून बाहेर मांजरापुढे उपडा केला. परत आल्या, पण सुनेकडे बघवेना.

"रविवारी, त्याच पायरीवर, सगळ्यांसमोर बोलेन मी," त्या जमिनीला म्हणाल्या. "तू माझा हात धरून ठेव, पोरी. नाहीतर मी मधूनच पळून येईन."