बाल्कनीची कडी

२००२ सालचा श्रावण. जेल रोडवरच्या एका नव्या इमारतीच्या जिन्यात समाधानने सुवर्णाला प्रथम पाहिले. एक वयस्क एजंट तिला समोरचा फ्लॅट दाखवत उजेडाचे, हवेचे, शेजाऱ्यांचे गोडवे गात होता. समाधानही एजंटच, पण तो आपल्या गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगत होता, “ही भिंत पश्चिमेची आहे, काका. उन्हाळ्यात रात्रभर तापलेली राहते.”

गिऱ्हाईक निघून गेले. ती मात्र जिन्यात रेंगाळली.

“असं बोललात तर धंदा कसा चालायचा तुमचा?”

“चालत नाहीच फारसा...” तो ओशाळला.

“मग आमचे एजंट व्हा.”

तिचे वडील सरकारी प्रेसमधून निवृत्त झाले होते. संक्रांतीआधी क्वार्टर सोडायचे होते. दर रविवारी दोघे रिकाम्या घरांतून हिंडू लागले. तो दोष दाखवी, ती हसून मान हलवी. बिनसामानाच्या खोल्यांत तिचे हसू घुमे — आणि आठवडाभर त्याच्या कानांतून जात नसे.

एक घर मात्र त्याने दाखवलेच नव्हते. उपनगरात, दुसऱ्या मजल्यावर. पूर्वेला बाल्कनी, बाल्कनीशी झुकलेला कडुनिंब. हे तिचेच घर, हे त्याला केव्हाच उमगले होते. पण ते दाखवले की रविवार संपणार होते...

दिवाळी उलटली. क्वार्टर सोडायची तारीख जवळ येऊ लागली, तसे त्याचे मन त्याला खाऊ लागले. अखेर एका सकाळी तो तिला तिथे घेऊन गेला.

त्याने कुलूप काढले. सुवर्णा थेट बाल्कनीकडे गेली. त्या दाराची कडी हट्टी होती. खांद्याने दार रेटल्याशिवाय सरकत नसे. तो सांगायला पुढे झाला — तोवर तिने खांदा लावून कडी सरकवलीही होती.

त्याने कडीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“तुम्ही... आधी आला होतात इथे?”

“गणपतीत. त्या जिन्यातल्या एजंटकाकांबरोबर.”

“मग घेतलं का नाही?”

ती कडुनिंबाकडे पाहत राहिली. “ते म्हणाले, या घरात दोषच नाही. म्हटलं, आमचे एजंट दाखवतील तेव्हा त्यांना विचारू... केवढा उशीर लावलात हो! बाबांना रोज काय सांगायचं मी?”

तो तिच्यामागे बाल्कनीत आला. “दोष आहे. हे घेतलंत, की रविवारी मी कुठे जाऊ?”

कडुनिंबाची पिवळी पाने तिच्या पायाशी सरकत आली. ती वळली नाही. पण तिचा आवाज हलका झाला.

“दूध उतू घालू, त्या दिवशी या. एजंट म्हणून नको.”

“मग कोण म्हणून?”

“ते बाबांना तुम्हीच सांगायचं... नेहमीसारखं, काही न लपवता.”

त्याने दाराकडे हात नेला. मग त्याने हळूच विचारले, “कडी लावू?”

“राहू द्या,” ती म्हणाली. “थोडा वेळ.”