कोपरा फाडलेलं कार्ड

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी इथंच थांबावं. मला कुणाशी वाद घालायचा नाही, आणि हे सांगताना माझं डोकं अजूनही तापतं.

साल १९९६. मे महिना. गाव नेकनूर. वेळ दुपारी अडीच-तीनची.

आमचं घराणं देशमुखी. जमीन फारशी उरली नव्हती, पण तोरा तोच. आजोबांच्या काळापासूनची सगळी पत्रं बैठकीत तारांना ओवून ठेवलेली. लग्नाची, बारशाची, मानपानाच्या रुसव्यांची. त्या वर्षी घरी टेलिफोन येणार होता. लाइनमन म्हणाला, भिंत मोकळी करा. म्हणून मी पत्रं उतरवायला बसले.

१९६३ च्या पत्रांत एक पोस्टकार्ड होतं.

त्याचा कोपरा फाडलेला होता...

आमच्याकडे कुणी गेल्याचं कळवायचं असलं की पत्राचा कोपरा फाडतात. असं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचायचं, बाहेरच फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. मग हे तारेत कसं?

वाचणार तेवढ्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते हातातून हिसकावलं.

"कुठं सापडलं हे?"

"तारेत होतं."

"न्हाई. तारेत असूच शकत न्हाई."

त्यांनी अंगणात जाऊन कार्डाचे बारीक तुकडे केले. मग अंघोळ केली. तेहतीस वर्षांपूर्वीच्या पत्रासाठी!

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कार्ड पुन्हा तारेत होतं.

अख्खं. फक्त तो कोपरा नव्हता...

अण्णांनी ते चुलीत घातलं. माझ्यादेखत जळालं. मी विचारलं तर खेकसले, "तुला कावून पाहिजेत नसत्या चौकशा?"

तिसऱ्या दिवशी ते शेतावर गेले. आई मामाकडे धारूरला होती. मी बैठकीचं दार आतून लावलं आणि तारांसमोर बसले. पंखा बंद. वारा नाही.

टर्र...

कागद फाटल्याचा आवाज. अगदी जवळून.

टर्र... टर्र...

तारेवरचं एक पत्रसुद्धा हललं नाही.

आवाज थांबला तेव्हा मी उठले. तिन्ही तारांवरच्या एकूण एक पत्राचा कोपरा गेला होता. लग्नपत्रिकांचासुद्धा. खाली फरशीवर मात्र एकही तुकडा पडलेला नव्हता.

मधोमध ते कार्ड होतं. आता हिसकावायला कुणी नव्हतं. मी वाचलं.

"ती. दादांस कडूचा साष्टांग नमस्कार. घाबरू नये, मी जिवंत आहे. कोपरा मीच फाडला. आधीच्या दोन पत्रांना तुमचं उत्तर नाही. कोपरा बघून तरी लगेच वाचाल म्हणून फाडला. इथं मला कोंडून ठेवतात. शेजारणीच्या हाती हे टाकते आहे. घ्यायला या."

दादा म्हणजे माझे आजोबा. कडू म्हणजे कडूबाई, माझी आत्या. अण्णांची थोरली बहीण. वडवणीला दिली होती. तापानं गेली, एवढंच आम्हाला सांगितलेलं.

अण्णा आले तेव्हा मी कार्ड त्यांच्यासमोर धरलं. या वेळी त्यांनी ते हिसकावलं नाही.

"दादांनी कोपरा बघितला," ते म्हणाले. "वडवणीचं हाय म्हणल्यावर वाचलंच न्हाई. उंबऱ्याबाहेर फाडलं आन् डोक्यावरून पाणी घेतलं. लग्नात मानपानावरून बिनसल्यालं, व्याह्यांशी बोलणं बंद. त्यामुळं कुणी तिकडं गेलंबी न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी तुकडे गोळा केले. जुळवून वाचले."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

माझ्या कानशिलांत रक्त उसळलं. "म्हणजे ती जिवंत आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"दादांनी अंघोळ केली व्हती, माया. गावभर निरोप गेल्ते. सुतक धरलं व्हतं. तुमी चुकलात म्हणून त्यांना कोण सांगणार?"

अंघोळ! एका माणसानं अंघोळ केली म्हणून एक जिवंत बाई मेली ती मेलीच. कारण देशमुखांची अंघोळ वाया कशी जाईल?

"मग?"

"बावीस दिवसांनी कोपरा फाडल्यालं दुसरं कार्ड आलं. ते खरं व्हतं. ते मी फाडलं. कुणाला सांगितलं न्हाई."

मी बापाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही.

त्याच रागात मी नवीन पोस्टकार्ड घेतलं. त्यावर लिहिलं, 'आत्या, तुझं पत्र वाचलं. घ्यायला येते. माया, राधाकिशनची मुलगी.' वडवणीचा जुना पत्ता घातला आणि पेटीत टाकलं. या घरातून तिला एक तरी उत्तर जायला हवं होतं.

त्या दिवसापासून तारेत ते कार्ड दिसलं नाही.

दहा-बारा दिवसांनी मी वडवणीला गेले. घर बघायचं, हात जोडायचे आणि परत यायचं, एवढंच ठरवलं होतं. पोस्टात चौकशी केली. पंडित नावाचा पोस्टमन होता, बदलून आलेला.

"ते घर? कुलूप हाय की त्याला. लोक म्हणत्यात वीस वर्षं झाली."

"मग माझं कार्ड?"

"दिलं ना, ताई. दाराच्या फटीतून सारलं. अर्धं आत गेलं आन् आतून कुणीतरी वढून घेतलं. मला वाटलं, मागल्या दारानं ये-जा असंल."

"आत कोण होतं?"

"बाई व्हती," तो म्हणाला. "आतूनच इचारलं तिनं..."

"काय?"

"'नुसतं कार्डच आलं का? माणूस न्हाई आलं?'"

त्या घराची गल्ली पोस्टासमोरच होती. पाच मिनिटांची वाट. भर दुपार, रस्त्यावर माणसं.

मी स्टँडवर आले आणि बीडची गाडी पकडली.

अण्णांना मी आजही माफ केलेलं नाही. ते वारले तेव्हाही नाही. पण त्यांनी निदान तिला 'येतो' असं कधी लिहिलं नव्हतं.

मी लिहिलं होतं. आणि त्या बंद दाराआड ती पिशवी भरून बसली असेल.