ताटीआडची झोप

दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर मारायचं लोटाभर पाणी प्रेमिलानं खाटेवर झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडावर भिरकावलं... आणि पाणी पोचायच्या आतच देवाजीनं तोंड चुकवलं!

ती थिजली. झोपलेला माणूस असं तोंड चुकवतो?

चौऱ्याहत्तर सालचा मे, नागपूरची दुपार. गिरणीत रातपाळी लागल्यापासून देवाजी दिवसा झोपत असे. शेजारच्या नत्थूजींची बोटं पेंगता पेंगता मागात गेली, तेव्हापासून प्रेमिलानं नवऱ्याच्या झोपेचं जणू व्रतच घेतलं होतं. नळावरून बादल्या वाहून ताटी ओली ठेवायची, भांडं वाजू द्यायचं नाही, चिमुकल्या ताराला दुपारभर समोरच्या तुळसाबाईंकडे धाडायचं... नवराबायकोत बोलणंसुद्धा उरलं नव्हतं. झोप मोडली तर! खांदे भरून येत, आणि अंतःकरणात विष साचत जाई. हे महाराज घोरताहेत, अन् मी यांची भिस्ती!

आणि आज पहाटे पाळी सुटायच्या आधीच तो घरी आला. मागाजवळ डुलक्या घेताना जॉबरनं, खात्याच्या मुकादमानं, पकडलं होतं. पुन्हा पेंगताना दिसलास तर कायमचा घरी बसशील, म्हणाला.

"दिवसभर लोयता, अन् तिथंही झोपता?" तिचा आवाज फाटला. "आता मी चालली मौद्याले, माहेरी! पोरीले घेऊन!"

"झोपतच नाही वं मी..."

"काय?"

"पाळी लागली तवापासून दिवसा झोपच नाही. डोये मिटून पडून राहतो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कसं सांगू? तू एवढं पाणी वाहून राहिली... ताटीवर पाणी पडलं का वाटे, आता तरी झोप लागलीच पाहिजे. त्या धाकानंच पयून जाये."

"अन् ते घोरणं?"

देवाजीनं मान खाली घातली. "तुले बरं वाटावं म्हणून."

हसावं की रडावं! इतके दिवस हा वेडा जीव केवळ आपल्यासाठी घोरत होता... दोन्ही एकदमच झालं.

पदरानं त्याचा ओला गळा पुसत ती खाटेवर टेकली. "बोला आता."

"काय बोलू?"

"जे मनात असंल ते."

आणि तो बोलला. नत्थूजीचा हात, जॉबरच्या शिव्या, संध्याकाळ झाली की वाटणारी मागाची भीती... मग तीही बोलली. आपले खांदे, आपला राग, एकटं एकटं जेवणं. ताटी केव्हाच वाळली, घरात ऊन झळा मारू लागलं. कुणीही उठलं नाही.

"ऐकता ना?" तिनं विचारलं.

तिनं वळून पाहिलं. त्याचा हात तिच्या मांडीवर जड, सैल पडला होता.

प्रेमिला क्षणभर थांबली. त्याची झोप चाळवली, पापण्या थरथरल्या. मग घाबरून ती पुन्हा बोलू लागली... डोळ्यांतून धारा वाहत होत्या, घसा बसत आला होता, तरी जे सुचेल ते, मोठ्यानं, बोलतच राहिली.